वाढलं म्हणजे जेवलं का?



या महिन्याच्या पत्रिकेसाठी 'अन्न आणि सेवा' या विषयावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप ताईंकडून आला. मला वाटलं, भंडाऱ्याबद्दल लिहावं. चौदा वर्षं झाली, गुरुपौर्णिमेच्या भंडाऱ्यात मी वाढायला असते, अनुभव काही कमी नाहीत. पण वही उघडून बसले आणि डोळ्यांपुढे आला एक मासा. हसू नका. बोटाएवढा मासा, आणि तोही आपल्या चंदन नदीतला नाही, सातासमुद्रापलीकडचा. त्यानं मला एका प्रश्नात टाकलं, तो प्रश्न अजून पाठ सोडत नाही. आपण वाढलं, म्हणजे समोरचा जेवला का? आणि तो उपाशी राहिला असेल, तर दोष कोणाचा?

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने अमेरिकेत होते, टेक्सासमध्ये डॅलसजवळ. आमचे जावई संगणकाच्या कामात. स्वभावानं शांत, छंद एकच, समुद्राच्या पाण्याची फिशटँक. आपल्याकडे बैठकीत गोल्डफिश ठेवतात तशी नव्हे. चार फूट लांब काचेची टाकी, त्यात मोजूनमापून मीठ कालवलेलं पाणी, खडकांचे तुकडे, त्यांवर फुलासारखी उघडमिट करणारी प्रवाळं, वरून निळे दिवे. बाळ येणार म्हणून हौसेनं नवीन लावलेली. लावून दोन महिनेही झाले नव्हते. आत दोन नारिंगी-पांढरे क्लाउनफिश, एक पिवळा मासा आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा भारी चपळ मासा होता.

मी पोचले त्याच आठवड्यात जावई पाण्याची एक पिशवी घेऊन आले. म्हणाले, "आई, बघा काय आणलंय."

खरं सांगते, इतका देखणा जीव मी आयुष्यात पाहिला नव्हता. मोरपिशी निळं अंग, त्यावर नारिंगी वेलबुट्टी, मधूनच हिरवी झाक. पैठणीच्या पदरावरचा मोर पाण्यात सोडावा तसा. नाव मँडरिन ड्रॅगनेट. जुन्या काळी चीनच्या दरबारातले अधिकारी रंगीत रेशमी झगे घालत, त्यांना मँडरिन म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. जावई कौतुकानं सांगत होते, की बहुतेक प्राण्यांच्या अंगावरचा निळा हा खरा रंग नसतोच, मोरपिसासारखा उजेडाचा खेळ असतो. या माशाच्या कातडीत मात्र खरोखर निळा रंग भरलेल्या पेशी असतात. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी जाड बुळबुळीत थर, तोही कडू, म्हणून दुसरे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत.

माशांना खाऊ घालायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. लेक-जावई रात्रभर बाळासाठी जागे, सकाळी मीच काय ती उठलेली. पूजा झाली की मी चिमूटभर खाद्य पाण्यात सोडायची, संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा. बाकीचे मासे धावत वर यायचे, तुटून पडायचे. मँडरिन कधी वर येत नसे. तो तळाशी, दगडाच्या अंगाला लागून, हळूहळू सरकायचा. दर थोड्या वेळानं थांबायचा, डोळे फिरवून दगडाकडे टक लावायचा आणि कोंबडीनं दाणा टिपावा तसं काहीतरी टिपायचा. दिवसभर हेच. मला वाटायचं, खाली पडलेलं खात असेल. गरीब स्वभावाचं लेकरू आहे, भांडत नाही, मिळेल ते खातं.

घरात तिकडे दुसरंच मोजमाप चाललेलं होतं. बाळ पहिले काही दिवस वजनात थोडं उतरलं. तसं सगळीच बाळं उतरतात, दोनेक आठवड्यांत भरून निघतं. तरी आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. नर्सनं लेकीला सांगितलं होतं, की नवजात बाळाचं पोट एवढंसं, ते दिवसा-रात्रीत आठ ते बारा वेळा पिणारच, घड्याळ लावून पाजू नका. आणि किती वेळ पाजलं त्यावर जाऊ नका, बाळाला पोचलं की नाही ते बघा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत, वजन वाढायला हवं. फ्रिजवर कागद लावलेला, त्यावर लेक प्रत्येक लंगोटाची खूण करायची. मी मनात म्हटलं, आमच्या वेळी कोण मोजत होतं? पण गोष्ट पटली. किती दिलं ते नाही मोजायचं, किती पोचलं ते मोजायचं.

पाच-सहा आठवडे झाले असतील. एका दुपारी बाळाला खांद्यावर घेऊन लेक टाकीपुढे उभी होती. एकदम म्हणाली, "आई, याचं पोट असं आत का गेलंय गं?"

मी चष्मा लावून जवळून पाहिलं. बाजूनं बघितलं तर पोटाच्या जागी खळगा, अंगावर मधोमध उठून दिसणारी रेघ. रंग मात्र तसाच, मोरपिशी, झगझगीत. त्या रंगानंच मला फसवलं होतं. इतका छान दिसणारा जीव उपाशी असेल, हे मनात आलंच नाही.

जावयांनी त्या रात्री बसून वाचलं आणि सकाळी उतरल्या चेहऱ्यानं आम्हाला सांगितलं. हा मासा प्रशांत महासागराच्या पश्चिमेला, जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळांत राहतो. तिथे तो दिवसभर दगडावरचे बारीक जिवंत जीव टिपत फिरतो. मुख्यतः कोपेपॉड नावाचे, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान. एकदम भरपेट खाऊन ठेवायचं त्याला जमत नाही, थोडं थोडं पण सतत लागतं. सुकं खाद्य त्याला अन्न वाटतच नाही, कारण ते हलत नाही. मुरलेल्या जुन्या टाकीत दगडांवर असे जीव आपसूक वाढलेले असतात. नव्या टाकीत ते थोडेसेच. तेवढे त्यानं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत संपवले असणार. शिवाय तो पट्ट्यांचा चपळ मासाही तेच खाणारा. मग आमच्या मँडरिननं काय केलं? रिकाम्या दगडाकडे टक लावून शोधत राहिला. मी त्याला 'जेवतोय' समजत होते, आणि तो 'शोधत' होता.

कोपेपॉड म्हणजे काय, हे मला कळेना. जावयांनी चित्र दाखवलं तेव्हा एकदम ओळख पटली. आपल्या वयाच्या लोकांना 'नारू' आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखी अळी निघायची. विहिरी-बावड्यांच्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यातून तो पोटात जायचा, म्हणून सुती कापडाची दुहेरी घडी घागरीच्या तोंडावर धरून पाणी गाळायला शिकवलं होतं. घराघरांत गाळून गाळून आपण नारू हद्दपार केला, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. तो सायक्लॉप्स कोपेपॉडांच्याच कुळातला. आपण जे कापडानं गाळून टाकत होतो, त्याच्याच खाऱ्या पाण्यातल्या भाऊबंदांवर हा राजबिंडा मासा जगतो. एकाच्या घरचा कचरा ती दुसऱ्याची भाकरी. आपल्या ताटावरून दुसऱ्याच्या भुकेचा अंदाज करू नये, हे मला तिथे कळायला लागलं.

नंतर धावपळ झाली. जिवंत कोपेपॉडांच्या बाटल्या आणल्या. रात्री दिवे आणि पंप बंद करून ते दगडांशी सोडले, म्हणजे वाहून जाणार नाहीत आणि दुसऱ्या माशांच्या तोंडी पडणार नाहीत. लहान काचेच्या बरणीत नुकतीच अंड्यातून निघालेली कोळंबीसारखी बारीक पिल्लं ठेवून ती बरणी त्याच्यापुढे आडवी केली. त्यानं दोन-चार टिपलीसुद्धा. पण अंगात त्राण उरलं नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपून खाद्याचा डबा घेऊन गेले, तर तो दगडाच्या कपारीत आडवा पडलेला होता. रंग तेव्हाही उतरला नव्हता.

लेकीनं त्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं. दोघांत थोडी बोलाचालीही झाली. जावई म्हणाले, "दुकानदार म्हणाला होता, सगळं खातो." लेक म्हणाली, "तू त्याला काय विचारलंस? कितीला दिला ते विचारलंस. हा जगतो कशावर, ते विचारलंस का?" जावई गप्प. मीही गप्प. कारण दुकानदारानं विकला, जावयांनी आणला, पण रोज दोन वेळा खाऊ घालणारा हात माझा होता. माझ्या हातचं 'खाऊन' तो उपाशी मेला.

एवढ्याशा माशाचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं. पण रात्री झोप येईना, आणि मग कळलं की मन माशापाशी नाहीच. ते आमच्या सासूबाईंपाशी गेलंय. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

सासूबाईंचं सगळं आयुष्य शेतात गेलं. बांधावर, जंगलात फिरता फिरता त्या दिवसभर काही ना काही तोंडात टाकत. बोरं, टेंभरं, चारं, हरभऱ्याचे हिरवे घाटे, भाजलेली मोहफुलं, मूठभर मुरमुरे. पंगतीला बसून भरपेट जेवताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. पुढे वय झालं, दात गेले, शेतावरून त्यांना आम्ही गावातल्या घरी आणलं. मी सून म्हणून कुठे कमी पडले नाही, असं मला वाटायचं. बाराला ताट, रात्री आठला ताट. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, लोणच्याची फोड. "जेवलात का?" म्हटलं, की "जेवले बाई." ताट चाटून पुसून लख्ख. मी समाधानानं उचलून न्यायची. आल्यागेल्याला सांगायची, आमच्या घरी म्हातारं माणूस कधी उपाशी राहत नाही.

त्यांची ब्लाउजं सैल व्हायला लागली. मी ती शिवणीतून आत घेऊन दिली. चार महिन्यांनी पुन्हा सैल झाली, पुन्हा आत घेऊन दिली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. हे सगळं याच डोळ्यांनी पाहिलं, सुई-दोरा याच हातांनी चालवला, आणि एकदाही मनात आलं नाही की ब्लाउज सैल का होतंय.

त्या गेल्यावर तेराव्याला गुराखी आला होता. डोळे पुसत म्हणाला, "मोठी बाई रोज दुपारी आमच्या गाईला दोन पोळ्या घालायची." घरातले सगळे म्हणाले, केवढं पुण्य केलं म्हातारीनं! मीही मान डोलावली. त्या पोळ्या चावत नव्हत्या म्हणून गाईच्या तोंडी जात होत्या, हे मला कळायला सात वर्षं लागली, तीही डॅलसमधल्या एका मेलेल्या माशापुढे उभं राहून.

त्या उपासमारीनं गेल्या असं मी म्हणत नाही. वय होतं, आजार होते. पण त्यांच्या उशाशी वाटीभर भिजवलेले पोहे, तांदळाची मऊ पेज, लाह्यांचं पीठ आणि गूळ एवढं ठेवलं असतं, आणि दर तासाला दोन घास त्यांच्या त्यांना खाऊ दिले असते, तर शेवटची दोन वर्षं त्यांच्या पोटात काहीतरी गेलं असतं. खर्च माझ्या ताटापेक्षा कमीच आला असता. त्या सांगू शकल्या असत्या की नाही? असत्या. पण ज्या बाईनं आयुष्यभर स्वतःच्या हातानं तोडून खाल्लं, तिला सुनेपुढे 'मला हे चावत नाही, दुसरं दे' म्हणणं जड गेलं असणार.

बाळाला भूक लागली की ते घर डोक्यावर घेतं. सासूबाई मानापायी बोलत नव्हत्या. माशाला तर बोलताच येत नव्हतं. भूक तिघांचीही भूकच. पण जो रडला त्याच्यासाठी फ्रिजवर कागद लागला, आणि जे गप्प राहिले ते लख्ख ताटाच्या आणि झगझगीत रंगाच्या आड वाळत गेले. मग अन्नाची आपली जबाबदारी संपते कुठे? ताट पुढे ठेवलं की संपते, की घास पोटात पोचला की?

आपल्यातलेच काही बंधू यावर म्हणतात, ताई, आपण कर्म करायचं, फळाची चिंता करायची नाही. वाढणं आपलं काम, खाणं-न खाणं ज्याचं त्याचं प्रारब्ध. मीही वर्षानुवर्षं असंच म्हणत आले. आता मला वाटतं, यात आपण आपली सोय बघतो. फळाची आशा सोडायची, म्हणजे मला काय मिळेल ते सोडायचं. माझं नाव, माझं पुण्य, 'सून किती चांगली' हे ऐकण्याची हौस, ते सोडायचं. समोरच्याच्या पोटात काय गेलं ते बघायचं सोडा, असं त्यात कुठे आहे? पाणी घालणाऱ्यानं रोपाचं मूळ ओलं झालं की नाही ते बघणं ही फळाची आसक्ती नाही, ते पाणी घालण्याचंच उरलेलं अर्धं काम आहे. खरं म्हणजे मला माझ्या ताटाची आसक्ती होती. ताट किती भरलेलं, किती वेळेवर, किती नीटनेटकं. सासूबाई त्या ताटाच्या पलीकडे बसलेल्या होत्या, तिथपर्यंत माझी नजर पोचत नव्हती.

दुसरी एक शंका खरी आहे. घरात दहा माणसं, प्रत्येकाच्या मनातलं ओळखायचं कसं? बाई काय अंतर्यामी आहे? नाहीच. सगळ्यांचं सगळं ओळखता येणार नाही, चुका होणारच. नकळत झालेली चूक ही जाणूनबुजून केलेल्या चुकीएवढी नाही, हेही मला मान्य. पण घरात माणसं येतात ती नशिबानं. सासू, दीर, लेकरं आपण निवडून आणत नाही, त्यांचं जमेल तसं निभवायचं असतं. मासा मात्र आपण निवडून आणतो. पैसे मोजून, आपल्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून आणतो. तिथे 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. माहीत करून घेणं हे आणण्याच्या आधीचं काम आहे.

आणि ही अक्कल अमेरिकेतून आणायला नको, ती आपल्या बोडीच्या काठावरच आहे. आपल्या बालाघाट-गोंदियाकडे धानाच्या शेतापाशी बोडी असते, गावाला तलाव असतो, त्यात मासे सोडतात. पण जाणती माणसं बी आणून लगेच पाण्यात टाकत नाहीत. आधी मोहाची ढेप टाकतात. त्यानं आतले खादाड, नको ते मासे मरतात, आणि ढेपेचा विषार दोन-तीन आठवड्यांत उतरला की तिचंच खत होतं. मग शेण टाकतात. पाण्याला हिरवट-तपकिरी रंग चढतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बारीक अन्न तयार झालं. त्यानंतर रोहू, कतला, मृगळाचं बी सोडायचं. कतला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाचं. म्हणून तिन्ही सोबत सोडतात, एकमेकांच्या तोंडचं काढत नाहीत. आधी कोठार, मग पाहुणा. आमच्या टाकीत आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

मी परत येताना जावई म्हणाले, "आई, पुन्हा नाही आणणार." मी म्हटलं, "आणू नका असं मी म्हणत नाही. पण आणायचाच तर आधी त्याचं कोठार भरा, आणि मला दाखवा."

त्यांनी चौदा महिने थांबून काम केलं, ते आपल्या लक्षात राहावं म्हणून लिहिते. तो पट्ट्यांचा मासा एका मित्राला देऊन टाकला. टाकीखाली एक वेगळा कप्पा केला, त्याला ते रेफ्युजियम म्हणतात, मी कोठी म्हणते. त्यात हिरव्या दोऱ्यांसारखं शेवाळ वाढवलं. तिथे कुठलाच मासा नाही, त्यामुळे कोपेपॉड निर्धास्त वाढतात आणि पाण्याबरोबर थोडे थोडे वरच्या टाकीत जात राहतात. त्या कोपेपॉडांनाही खायला लागतं, म्हणून पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळही घालत गेले. रात्री दिवे बंद करून टॉर्च मारला की काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसतात का, ते बघायचे. सुरुवातीला दोन-चार, मग डझनभर, मग मोजता येणार नाहीत इतके. जाणकार लोक निदान पावणेतीनशे लिटरची, वर्षभर मुरलेली, भरपूर दगडांची टाकी असल्याशिवाय हा मासा आणू नये म्हणतात. यांची टाकी तेवढीच होती, फक्त पहिल्या वेळी ती मुरलेली नव्हती.

मग त्यांनी माणसाच्या हाताखाली जन्मलेलं पिल्लू आणलं. तिकडे आता अशी पिल्लं मिळतात, त्यांना गोठवलेलं बारीक खाद्य खायची सवय लावलेली असते. तरी भरवसा त्या सवयीवर ठेवला नाही, कोठी चालूच आहे. वरून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खाद्य एका लहान बरणीत देतात, म्हणजे बाकीचे धसमुसळे मासे हिसकावत नाहीत. आणि दर रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर त्याचा बाजूनं काढलेला फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, "आई, पोट बघा." पोट गोल आहे. पावणेदोन वर्षं झाली.

तरी हा प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही. बाजारात विकले जाणारे बरेचसे मँडरिन अजूनही समुद्रातून पकडून आणलेले असतात. त्यातले कितीतरी नव्या टाक्यांत आमच्यासारख्याच प्रेमळ लोकांच्या हातून संपत असतील. आपल्या देशात तर प्रवाळ घरात आणण्याचा विचारही करू नये. आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास अशी प्रवाळं आहेत, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नातवंडांना रंगीत मासे दाखवायचे असतील तर तिकडे न्यावं, पाण्यात डोकावून बघावं आणि जिथलं तिथे ठेवून यावं. देखणं दिसलं की ते घरात हवंच, असं थोडंच आहे? मंदिरातली मूर्ती आवडली म्हणून आपण उचलून घरी नेत नाही, दर्शनालाच जातो. जावयांचा मासा पोटभर खातो, पण तो काचेत आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच कळतं, की पोसायची तयारी नसताना आणणं हे प्रेम नव्हे, हौस आहे. आणि हौसेची किंमत जर दुसऱ्याचं पोट मोजत असेल, तर ती सोडून देणं हीसुद्धा सेवाच.

या गुरुपौर्णिमेला भंडाऱ्यात मी एक बदल केला, तोही सांगते. पूर्वी पातेलं घेऊन भराभर पुढे जायची, "घ्या, घ्या" म्हणून आग्रह करायची. या वेळी वाढून झाल्यावर रिकाम्या हातानं पंगतीतून एकदा परत फिरले. पोळीचा एकही तुकडा न मोडलेली तीन म्हातारी माणसं दिसली. एका आजोबांना वरणात कुस्करून भात हवा होता, एका आजींना फक्त शिरा जात होता. तिसऱ्या आजी म्हणाल्या, "पोरी, मला हळू लागतं, तुम्ही पत्रावळ लवकर उचलता." त्यांच्यापाशी मी बसून राहिले. पाऊण तास लागला. पुढची पंगत तेवढी उशिरा बसली, काहींनी तोंडं वाकडी केली. चालायचंच.

तुम्हालाही एक विनंती. या आठवड्यात घरात एक कोणीतरी बघा, जो मागत नाही. म्हातारी आई असेल, नवी सून असेल, बाहेरगावाहून शिकायला आलेला भाचा असेल, अंगणातली भाकड गाय असेल, पिंजऱ्यातला किंवा टाकीतला जीव असेल. त्याला काय दिलं ते आठवू नका. त्याच्या अंगावरचे कपडे सैल झालेत का, बांगडी सरकते का, पोट आत गेलंय का, ते बघा. "जेवलास का?" एवढंच विचारून पुढे जाऊ नका. "तुला काय जातं?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

सासूबाईंना आता विचारता येत नाही. त्यांच्या खोलीत, उशाच्या जागी, मी रोज वाटीभर पोहे भिजवून ठेवते. दुपारी ते चिमण्यांना घालते. शेजारच्या बाई म्हणतात, केवढं पुण्य करता! मी काही बोलत नाही.

सद्गुरूंच्या चरणी नमस्कार. चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

— आपलीच एक भगिनी, रामपायली, जि. बालाघाट